सुधाकरची नोंदवही

सोमवार: रिठदच्या शिवारातला खांब, हुकूम देणारे, कनिष्ठ अभियंता, फोनवरून. मंगळवार: गावठाणातील रोहित्राचा फ्यूज, हुकूम देणारे, तेच, फोनवरूनच. बुधवार: स्वतःच्या घराचे टिनाचे छप्पर, टीव्हीची डिश फिरविणे, हुकूम देणारी, सौ. सुशीला, प्रत्यक्ष.

अक्षर माझे, शब्द शेजारच्या सुधाकरचे. तो शासकीय वीज कंपनीत कंत्राटी लाइनमन आहे. कुठेही चढण्यापूर्वी तो माझ्या ओट्यापुढे सायकल उभी करून म्हणतो, "लिवून ठेवा, काका!" मी न्यायालयातून वरिष्ठ लिपिक म्हणून निवृत्त झालो; कोणी जबाब देऊ लागला की माझा हात आपोआप लेखणीकडे जातो.

एका लग्नात भर पंगतीत पंखे थांबले. वधूपित्याने सुधाकरला खांबाकडे पिटाळले. तो आधी माझ्या पानापुढे येऊन उभा!

"लिवा."

"अरे, हात वरणात आहे!"

"मंग डाव्यानं लिवा. हुकूम देनारा, नवरीचा बाप."

"सुध्या, तुले भूत लागलं काय बे?" कोणीतरी ओरडले. पंगत हसली; सुधाकर हसला नाही. ती वाकडी ओळ वहीत आजही आहे.

रविवारी त्याला सुटी. तरी तो येतो आणि दर वेळी एकच नोंद सांगतो: "परल्हाद. धुऱ्यावरचा खांब. हुकमानं चढला. मी खाली उभा होतो."

प्रल्हाद त्याचा जोडीदार. शेताच्या बांधावरची, बंद म्हणून सांगितलेली लाइन चालू निघाली आणि त्याचा उजवा हात गेला. कंत्राटदाराच्या हजेरीपटावर त्या दिवशी प्रल्हाद गैरहजर आहे. कंपनी म्हणते, तो आमचा माणूसच नव्हे.

पहिल्या रविवारी मी संतापून विचारले, "हे चौकशीत का सांगितले नाहीस?"

"मले कोनी इचारलंच नाही, काका."

नोंद झाली की तो प्रल्हादकडे जातो, त्याची दाढी करून देतो आणि साबण पुसता पुसता सांगतो, "आज बी तू हजर हायेस. काकाच्या वहीत."

या नोंदींच्या प्रती मी कार्यकारी अभियंता आणि कंत्राटदार या दोघांनाही पोचपावतीसह पाठविल्या. पोचपावत्या आल्या, उत्तर नाही. म्हणून येथे जाहीरपणे विचारतो: त्या दिवशी प्रल्हादला खांबावर कोणी चढविले? उत्तर बंद पाकिटात नको. येत्या ग्रामसभेत, प्रल्हादच्या समोर, उभे राहून द्यावे. लिहून घेण्यास मी बसलेलो असेन.