रिंकवरचं वाळवण

आमच्या शेजारच्या अक्का कुठलीही नवी जागा दिसली की आधी चप्पल काढून तिच्यावर अनवाणी उभ्या राहायच्या. जागा पायाला किती भाजते, यावर तिची लायकी ठरायची. कचेरीची फरशी? "थंडी शे. काय कामनी?" नव्या कॉलेजची गच्ची? "भारी तापस, पन कठडा उंचा शे." माझ्या धाकट्या नणंदेच्या लग्नात त्यांनी मला हळूच विचारलं होतं, की हे कार्यालयवाले वरची गच्ची वैशाखात कोणाला देतात का. समोर मंगलाष्टकं चालली होती.

या सगळ्याचं कारण बिबडे. खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. ज्वारी भिजवून, भरडून, तिखट, लसूण, तीळ घालून पहाटे मोठ्या पातेल्यात घाटा शिजवायचा आणि गरम असतानाच ओल्या धोतरावर हाताने गोल थापून कडक उन्हात वाळवायचा. एकटीचं काम नव्हे ते. एक बाई घाटा ढवळते, दोघीतिघी थापतात आणि सगळ्या मिळून गैरहजर बायकांविषयी बोलतात. धुळ्याच्या आमच्या गल्लीत हा कार्यक्रम अक्कांच्या गच्चीवर व्हायचा. अक्का मूळच्या शिंदखेड्याच्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा सुभाष आणि सून दोघंही नोकरीला. एरवी त्यांच्याकडे फारसं कोणी फिरकत नसे, पण चैत्र लागला की गच्ची बायकांनी भरून जायची.

मग सुभाषने गच्चीवर पत्र्याची खोली बांधली आणि भाडेकरू ठेवला. त्या उन्हाळ्यात गल्लीने बाजारातून तयार बिबडे आणले. अक्का दारात बसून आमच्या पिशव्या बघायच्या.

ही नव्वदच्या आसपासची गोष्ट. पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडावर गावातल्या मोठ्या बागेत स्केटिंग रिंक झाली. माझी मनीषा तिथे शिकायला जाऊ लागली. जरा जीव रमेल म्हणून एका संध्याकाळी मी अक्कांनाही नेलं. रिंक चांगली ऐसपैस होती. गुळगुळीत सिमेंट, भोवती लोखंडी कठडा, बघणाऱ्यांना बसायला पायऱ्या. पोरं चाकांच्या बुटांवरून सुसाट जात होती, आपटत होती, लोक टाळ्या वाजवत होते. अक्कांनी पोरांकडे पाहिलंसुद्धा नाही. चप्पल काढून त्यांनी कडेला पाऊल टेकवलं. दिवस मावळत आला होता तरी सिमेंट चटका देत होतं.

"सरकारले शेवट अक्कल उनी," त्या म्हणाल्या. "बायासना वाळवणले केवढी जागा करी दिधी, देख."

"अक्का, ही पोरांना खेळायला केलीय."

"खेळू दे ना. सांजले वाळवण कोन घालस?"

त्यांची समजूत घालणं माझ्या आवाक्यातलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी बागेचे रखवालदार दगडूभाऊ यांना गाठलं.

"अक्का, आठे वाळवण चालस नही," दगडूभाऊ म्हणाले.

"मंग दुपारले आठे कोन येस?"

"दुपारले? दुपारले कुत्रंबी येस नही."

"तेच म्हनस मी," अक्का म्हणाल्या आणि प्रश्न निकालात निघाला.

आठवडाभराने गल्लीतल्या आम्ही सगळ्या बायका भल्या सकाळी वाफाळत्या घाट्याचं पातेलं हातगाडीवर ठेवून बागेकडे निघालो. रिंक धुतली, धोतरं अंथरली, बिबडे पडले. पण दुपारी आभाळ आलं. पाच वाजले तरी बिबडे ओलसर आणि पोरं पायांत चाकं बांधून कठड्याशी उभी. शिकवणाऱ्या सरांनी शिट्टी फुंकली. अक्कांनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि बिबडे शिट्टीने वाळत नसतात, असं त्यांना सांगितलं.

मनीषा आणि तिच्या मैत्रिणींनीच तोड काढली. एकेका धोतराचे चार कोपरे चौघींनी धरायचे आणि चाकांवरून पायऱ्यांपर्यंत न्यायचं. अक्का अनवाणी त्यांच्याबरोबर धावत होत्या. "हळू चला वं. एकबी बिबडा मोडाले नको." शेवटच्या चौघींना थांबता आलं नाही. त्या धोतरासकट कठड्यावर जाऊन धडकल्या. पोरींना लागलं नव्हतं, पण बिबड्यांचा लगदा झाला. पोरी रडवेल्या झाल्या. अक्कांनी तो ओलसर, तिखट लगदा खरवडला आणि सगळ्यांच्या हातावर थोडा थोडा ठेवला. सरांच्याही. सरांचं तोंड भरल्यामुळे पुढचा बराच वेळ शिट्टी वाजली नाही.

तेव्हापासून उन्हाळाभर हेच चालू राहिलं. पोरींना बिबडे थापता येऊ लागले आणि सर आपणहून दुपारी येऊन ढग बघू लागले.

सुभाषला मात्र हे लागलं. आपल्या आईला वाळवणाला बागेत जावं लागतं, हे काही बरं दिसत नव्हतं. त्याने भाडेकरूला दुसरी जागा बघून दिली, पत्रे उतरवले, गच्चीला नवं गुळगुळीत प्लास्टर केलं. पुढच्या वैशाखात एका दुपारी चारच्या सुमाराला, रिंकवर बिबडे पडलेले असताना, तो अक्कांना आणि मला घेऊन गच्चीवर गेला. मोठ्या आशेने आईकडे पाहत होता बिचारा.

"आई, आते तठे जावानी गरज नही."

अक्कांनी चप्पल काढली. मी चप्पल घालूनही एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत होते, इतकं प्लास्टर तापलं होतं. अक्का बराच वेळ उभ्या राहिल्या.

"भारी बनाडी रे भाऊ," त्या म्हणाल्या. "पन लिंबनी सावली येस आठे."

सुभाष गच्चीवरून वाकून कडुलिंब शोधू लागला. लिंब पलीकडच्या गल्लीत होता.

परत बागेच्या रस्त्याला लागल्यावर मी म्हटलं, "अक्का, कुठली सावली?"

"ऊन भलतं भारी शे. त्याले सांगू नको." थोडं चालून गेल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "गच्चीवर बाया सकाळले येतस, थापतस, घर निंघी जातस. मंग दिवसभर मी एकलीच कावळा हाकलत बठस. तठे बागमा सांजले पोरी येतस ना."

इतकी वर्षं त्यांच्याबरोबर बिबडे थापले, पण घरी परतताना मागे वळून गच्चीकडे बघावं असं आम्हा कोणालाच सुचलं नव्हतं. तेवढ्यात बागेचं फाटक दिसलं. पोरी बूट गळ्यात अडकवून रस्त्याकडे डोळे लावून उभ्या होत्या. अक्कांनी पदर खोचला आणि चाल वाढवली. मला त्यांच्यामागे जवळजवळ पळावं लागलं.