इवलासा गारठा

येफ्रेम सावेलिच यांच्या घरातला, खोली गरम ठेवणारा रेडिएटर सोमवारी सकाळी थंड पडला. बाहेर उणे सत्तावीस अंश होतं. त्यांची बायको ग्लाफिरा नुकतीच न्यूमोनियातून उठली होती आणि "आता हिला गारठा लागला तर माझ्या हातात काही नाही," असं डॉक्टरांनी बजावलं होतं. येफ्रेम सावेलिचनी ओव्हन पेटवून त्याचं दार उघडं ठेवलं, बायकोला समोर बसवलं आणि नमद्याचे बूट चढवून ते वस्ती-देखभाल कचेरीत गेले.

"शेवटचं कोण?" त्यांनी रिवाजाप्रमाणे विचारलं. हिरव्या शालीतल्या बाईनं हात वर केला. ते तिच्यामागे उभे राहिले.

रशियन माणूस नावालाच काय, खुर्चीला नि चमच्यालाही लाडाच्या प्रत्ययाची शेपटी लावतो. शेपटी बदलली की मायाही बदलते. ग्लाफिराला येफ्रेम सावेलिच "ग्लाश्का" म्हणून हाक मारत, तीही चढ्या आवाजात, आणि घरात सगळं ठीक चाललंय हे शेजाऱ्यांना त्यावरून कळे. "ग्लाशेन्का" म्हणायची वेळ चाळीस वर्षांत दोनदाच आली: एकदा लग्नात, एकदा इस्पितळात.

अशा शेपट्यांना सरकारी मान्यता मात्र नव्हती. ती गेल्या महिन्यात मिळाली. कचेरीतली माणसं अंगावर खेकसतात अशी ओरड वाढल्यावर वरून जिव्हाळा-परिपत्रक आलं: प्रत्येक वाक्यात किमान दोन लाडिक शेपट्या असाव्यात, आणि हा नियम नागरिकांनाही लागू राहील. आठवड्याभरात तक्रारी निम्म्यावर आल्या. कमी झालेल्या निम्म्या खेकसून लिहिलेल्या असल्यामुळे घेतल्याच गेल्या नव्हत्या.

"या, येफ्रेमुष्का!" तीन नंबरच्या खिडकीतून रिम्मा ओलेगोव्ना म्हणाली. ती त्यांच्या मुलीपेक्षाही लहान होती. "अर्जुला आणलात? पासपोर्टुला दाखवा बरं."

येफ्रेम सावेलिचनी आधी चॉकलेटचा डबा सरकवला, मग अर्ज. अर्जात लिहिलं होतं: रेडिएटर थंडगार पडला आहे, बायको आजारी आहे, ताबडतोब माणूस पाठवा.

रिम्माचा चेहरा उतरला. "अहो, किती कोरडं! मायेचा एक शब्द नाही यात. असलं काही आमचा संगणकुला घेत नाही हो. पुन्हा लिहा, सोनुल्या."

येफ्रेम सावेलिच आयुष्यभर कारखान्यात लेथ चालवत आले होते. त्यांनी दात-ओठ खात लिहिलं: माझा छोटुकला रेडिएटर इवलासा गारुला झालाय, बायकोला जरासा खोकुला आहे. अर्जावर शिक्का बसला. रिम्माने त्याला शिक्कुला म्हटलं.

गुरुवारी उत्तर आलं. खाली इंजिनियरचा शेरा होता: "अर्जदाराच्याच म्हणण्याप्रमाणे रेडिएटर लहान, गारठा किंचित, खोकला नाममात्र. तातडी: वर्ग पाचवा. उन्हाळ्यात पाहावे."

ते तडक खिडकीशी गेले. "अहो, तुम्हीच सांगितलंत म्हणून तसं लिहिलं ना मी!"

"म्हणजे माया खोटी होती?" रिम्मा दुखावली.

"पहिला वर्ग कसा मिळतो ते सांगा."

"घर थंडगार आहे असं लिहिलं की मिळतो."

"मग आणा कागद, तसंच लिहितो."

"तसं लिहिलेलं घेत नाही ना, राजा."

रविवारी ग्लाफिराला ताप भरला. ओव्हनसमोर बसूनही तिच्या तोंडातून वाफ येत होती. सोमवारी येफ्रेम सावेलिच रांगेत दोन तास उभे राहिले, आणि त्यांचा नंबर येताच रिम्मा म्हणाली, "सेकंदुला थांबा हं, चहुला घेऊन येते." तेव्हा मात्र त्यांचा तोल गेला.

"ए कारकुंडे! बायको मरतेय माझी!"

रिम्माचे डोळे भरून आले. शेजारच्या खिडकीतली बाई तिच्यासाठी धावत मन शांत करणारे वॅलेरियनचे थेंब घेऊन आली.

"लाज नाही वाटत, पोरीला असं बोलायला?" हिरवी शाल कडाडली. "आमच्याकडेही आठ दिवस गारठा आहे. आमचा नातू टोपी घालून झोपतो. पण आम्ही कधी जीभ सोडली का?"

"संस्कार लागतात," मागून कुणीतरी म्हणालं. रांगेनं एकमतानं येफ्रेम सावेलिचना शेवटी पाठवलं. त्यांचा नंबर यायच्या आत खिडकी मिटली.

घरी आल्यावर त्यांनी स्वतःचा ओव्हरकोट बायकोच्या अंगावरच्या रजयांवर घातला.

"आले का रे ते?" तिनं विचारलं.

"येतील, ग्लाशेन्का. आत्ता येतील."

ग्लाफिरानं डोळे उघडले आणि नवऱ्याकडे टक लावून पाहिलं.

"इतकी वाईट अवस्था आहे माझी?" ती म्हणाली.

बिचारी म्हातारा-म्हातारी, असं वाचकहो, आता तुमच्याही मनात आलं असेल. कचेरी आपली आभारी आहे. तीन नंबरच्या खिडकीनं तुमच्या या हळहळीची रीतसर नोंद घेतली आहे: जिव्हाळा पोचला, तक्रार निकाली.