नेपच्यूनपासून शाळेपर्यंत

दिगंबर मास्तरांसमोर ‘दिवस मावळला’ म्हणायची सोय नव्हती. कुणी म्हटलंच, तर ते रस्त्यात थांबवून सांगत, “दिवस कुठं जायलाय? तो हाय तिथंच हाय. आपुन फिरलो!” एकदा शेजारच्या काकूंना पृथ्वीचं फिरणं समजावून देता देता काकूंच्या हातातला दिवा विझला, तरी मास्तर थांबले नाहीत.

जिंतूरच्या शाळेत ते भूगोल शिकवत, मी गणित. शिकवायचं उर्दूतून, पण सूर्यमाला आली की मास्तर हटकून मराठीवर घसरत. सूर्य म्हणजे शाळेची पाण्याची घागर. पृथ्वी म्हणजे साठ पावलांवरचा ज्वारीचा दाणा. गुरू म्हणजे लिंबू, ते थेट बाजारात. आणि आमच्या जुन्या पुस्तकातला शेवटचा नेपच्यून, एक वाळलं बोर, अठराशे पावलांवर, गावाबाहेर. दरसाल ही पावलं ते नव्याने मोजत आणि वहीत लिहीत.

अठ्ठेचाळीसचा उन्हाळा होता. रझाकारांच्या बंदूकवाल्या टोळ्या गावोगाव फिरत होत्या. मी म्हणालो, “मास्तर, औंदा नेपच्यून राहू द्या.”

“असं कसं? लांब हाय म्हणून काय तो आपला न्हाई?”

मला सोबत जावं लागलं.

मास्तरांनी बाभळीखाली बोर ठेवलं, वही उघडली, आणि मागून आवाज आला, “क्या नाप रा रे?”

चौघे होते. त्यांच्या जमादाराने वही हिसकावली. पावलांचे आकडे, बाजार, शाळा, वेस. गावावर हल्ल्याचा नकाशा म्हणायला आणखी काय लागतं?

मास्तर म्हणाले, “सूरजसे नेपच्यून नापतूं, साब.”

जमादाराने त्यांच्या पाठीला बंदूक लावली. “चल वापस. गिनते जा. अठारासौ नइं हुए तो देख.”

मास्तर मोठ्याने मोजू लागले. मागे बंदूक, तिच्यामागे मी. बाजारातली दुकानं पटापट बंद झाली. मास्तरांचा सदरा पाठीला चिकटला होता. शाळेच्या घागरीपाशी ते थांबले, तेव्हा आकडा झाला होता अठराशे नऊ. मी मनात म्हणालो, मास्तर, एवढा एक आकडा खोटा सांगा.

“नौ ज्यादा हुए, साब,” मास्तर म्हणाले. “डर गया. कदम छोटे पडे.”

जमादार त्यांच्याकडे बघत राहिला. मग त्याने वही घागरीवर आपटली. “पागल है,” म्हणाला आणि साथीदारांना घेऊन गेला.

मास्तर वही उचलून घरी निघाले. मी त्यांचा शेजारी, पण त्यांनी मला पहिल्यांदाच आत बोलावलं. घरात कुणीच नव्हतं. चूल थंड होती.

“वहिनी? पोरगी?”

“सरहद्दीपल्याड, वऱ्हाडात धाडलंय. तीन महिने झाले. पत्र न्हाई.”

“मग रोज सकाळी निघताना ‘कडी लाव गं’ म्हणता, ते कुणाला?”

“घर रिकामं हाय, हे कुणाला कळू नये म्हणून.” मास्तरांनी वही कोनाड्यात ठेवली. “पयल्यांदा त्याच्यासाठीच म्हणायचो. आता त्यांच्याशी बोलल्यावानी वाटतं.”

मी टोपी खुंटीला अडकवली आणि चूल पेटवायला बसलो.