दाराला लावलेला पुरावा

कुलूपवाल्याला खोकला लागला म्हणून तो कोर्टाच्या खोलीबाहेर आला आणि पुढचं सगळं त्यातूनच घडलं. खोकला खरा नव्हता. आत व्यापाऱ्याचे वकील त्याच्या कुलपाबद्दल जे बोलत होते, ते त्याला ऐकवत नव्हतं. "हे कुलूप नाही, मॅडम," वकील म्हणाले होते, "ही कुलपाची अफवा आहे." त्यावर कुलूपवाला खोकत उठला आणि त्याच्या मागून पाण्याची बाटली घेऊन त्याची थोरली बहीण, अक्का, बाहेर आली. वकील परवडत नसल्यामुळे भावाची बाजू अक्काच मांडत होती. ती दुकानाच्या गल्ल्यावर बसायची, त्यामुळे समोरच्याचं ऐकून न घेण्याचा तिला सराव होता.

खटला असा होता. कापडाच्या एका व्यापाऱ्याच्या गोदामातून सगळा माल गेला. गोदाम फुटलं नाही, भिंत पडली नाही, कुलूपही तुटलं नाही. सकाळी ते दाराला जसंच्या तसं लावलेलं होतं. फक्त आत कापड नव्हतं. विमा कंपनी म्हणाली, काहीच तुटलेलं नाही तर चोरी झाली कशी? तेव्हा व्यापाऱ्याने सांगितलं की कुलूपच इतकं टाकाऊ आहे की चोराने ते केसांच्या पिनने उघडलं, माल नेला आणि जाताना पुन्हा लावलं. चोर व्यवस्थित स्वभावाचा असावा. आता कुलूप टाकाऊ आहे असं कोर्टाने म्हटलं की व्यापाऱ्याला विमा मिळणार होता आणि वर कुलूपवाल्याकडून भरपाई.

कुलूपवाल्याचं मात्र दुकानच जाणार होतं. गिऱ्हाईकं आत्ताच कुलपं परत आणून देत होती. सगळ्यात वाईट म्हणजे त्याचा स्वतःचाही विश्वास डळमळला होता. घरी तो स्वतःच्या हाताने घडवलेलं कुलूप लावायचा आणि मग दारामागे जेवणाचं टेबल सरकवायचा.

"एका कुलपामागे आम्ही तीन किल्ल्या देतो," अक्काने कोर्टात ठणकावून सांगितलं होतं. "पुडी मीच बांधते."

"मला दोनच मिळाल्या," व्यापारी म्हणाला होता. त्या दोन त्याने जमा केल्या होत्या आणि त्या तपासणीसाठी दूरच्या प्रयोगशाळेत गेल्या होत्या. कोर्टात आता फक्त कुलूप होतं, तेही उघडं.

तर कुलूपवाला बाहेर खोकत होता. न्यायाधीश मॅडमनी शिपायाला बोलावलं. "हे कुलूप घेऊन बाहेर जा. त्यांचंच आहे ना, ते बघून सांगू देत. आणि दार लावून घ्या, वाऱ्याने आपटतंय."

शिपाई बाहेर आला. दार ओढलं, कडी कोयंड्यात घातली. वाऱ्याने ती निघाली. त्याने पुन्हा घातली, ती पुन्हा निघाली. शिपाई अनेक वर्षं रोज संध्याकाळी कोर्ट बंद करत आला होता, त्यामुळे पुढची हालचाल त्याने केलीच नाही, त्याच्या हातांनी केली. हातातलं कुलूप कोयंड्यात अडकवून त्यांनी ते दाबलं.

खट्.

"माझंच आहे," कुलूपवाला म्हणाला. "आवाजावरून कळलं."

शिपायाने कुलूप ओढून पाहिलं, मग दोन्ही हातांनी ओढलं, मग दाराला पाय लावून ओढलं.

"काय चाललंय बाहेर?" आतून मॅडमचा आवाज आला.

"मॅडम, पुरावा दाराला लागला."

मॅडम, व्यापारी, वकील आणि टंकलेखिका अशी चार माणसं आत होती आणि खिडक्यांना जाड गज होते. मग वकिलांचं मोठ्याने हसणं ऐकू आलं.

"यात घाबरायचं काय! आमचं म्हणणंच आहे की हे पिनने उघडतं. एखादी पिन घ्या की!"

बाहेरच्या दोघांच्या नजरा अक्काच्या अंबाड्याकडे गेल्या. तो एकाच जाडजूड पोलादी पिनवर उभा होता.

"मी नाही देणार," अक्का म्हणाली. "माझ्याच पिनने माझ्याच भावाचा गळा कापू?"

"अक्का, दे," कुलूपवाला हळूच म्हणाला. "मलाही एकदाचं कळू दे."

अक्काने पिन काढली. अंबाडा खांद्यावर कोसळला. तिने भावाच्या खिशातली पेन्सिल उपसली, अंबाडा पुन्हा वळला आणि त्यात खुपसली.

शिपायाने पिन कुलपात घातली. आतून वकील तक्रारीतला मजकूर वाचून मार्गदर्शन करू लागले. "पिन सरळ आत घालावी. मग किंचित डावीकडे. 'सहज' असा शब्द आहे इथे. सहज फिरवा!"

"सहजच फिरवतोय, साहेब."

"मग?"

"पिन फिरली. कुलूप नाही."

पिन बाहेर आली तेव्हा ती प्रश्नचिन्हासारखी दिसत होती. कुलूपवाल्याने ती हातात घेतली आणि बराच वेळ बघत राहिला.

मग शिपायाने कोर्टाच्या किल्ल्यांचा अख्खा जुडगा लावून पाहिला, एकेक करत. मग अक्काचा घरचा जुडगा. मग स्वतःच्या सायकलची किल्ली, आशेने. आत सगळ्यांना तो खुळखुळाट ऐकू येत होता आणि प्रत्येक खुळखुळाटानंतर 'नाही, मॅडम' हे दोन शब्द.

"तुमचं कुलूप, तुम्हीच उघडा ना!" वकील आतून ओरडले.

"हात लावू नकोस," अक्का भावाच्या कानाशी कुजबुजली. "उघडलंस तर हरलास."

"बाहेर काय कुजबूज चालू आहे, मला कळतंय," मॅडम म्हणाल्या. "कुलूपवाले, प्रयत्न करा. उघडलं तर ते तुमच्याविरुद्ध धरणार नाही. कारागिराला स्वतःचं काम उघडता आलं म्हणून ते वाईट ठरत नाही. नोंद घ्या."

आतून टंकलेखनाचा टकटक आवाज आला. टंकलेखिकेने पहिल्या 'खट्'पासून सगळं लिहून घेतलं होतं.

कुलूपवाल्याने दुकानातून हत्यारं मागवली आणि दारासमोर मांडी घातली. तो अगदी मनापासून झटला. शर्ट घामाने भिजला. शेवटी त्याने हत्यारं खाली ठेवली, डोळे पुसले आणि देवळातून निघताना माणूस जसा मागे वळून बघतो तसा तो कुलपाकडे बघू लागला.

"नाही उघडत," तो म्हणाला. "अक्का, मी बनवलंय हे. मी!"

"मग रडतोस कशाला?"

"इतकं चांगलं झालंय हे मला कुठे माहीत होतं!"

शिपाई कुठूनतरी हातोडा घेऊन आला. "फोडा!" आतून वकील म्हणाले. "आमची काही हरकत नाही."

"आमची आहे!" अक्का कडाडली. "आमच्याकडे एकच साक्षीदार आहे आणि तो या दाराला लटकलाय. त्याला मारायचं नाही!"

"अहो, मॅडम अडकल्यात आत!"

"हरकत मान्य," आतून मॅडम शांतपणे म्हणाल्या. "मी अडकले ही माझी अडचण आहे. पुरावा दोन्ही बाजूंचा आहे. माझ्या सोयीसाठी तो फोडता येणार नाही. सुताराला बोलवा, बिजागऱ्या काढू देत."

स्वतः कोंडलेली असताना स्वतःच्या सुटकेविरुद्ध निर्णय देणारी व्यक्ती कोणी पाहिली नव्हती. शिपायाने हातोडा डाव्या हातात घेतला आणि उजव्या हाताने बंद दाराला सलाम केला.

सुतार बांधकाम खात्याचा होता. त्याने फोनवर विचारलं की दार सरकारी आहे का, सरकारी असेल तर ते काढायचं की उघडायचं, आणि काढायचं असेल तर ठेवायचं कुठे, हे लेखी कळवा. ते लेखी लिहायला मॅडम आत होत्या आणि पाठवायला शिपाई बाहेर. कागद दाराखालून आला, शिपाई घेऊन पळाला आणि निरोप आणला की सुतार चारनंतर येईल.

आत व्यापारी खुर्चीवर एकदा या बाजूला वळला, एकदा त्या बाजूला. रक्तदाबासाठी तो रोज सकाळी जी गोळी घ्यायचा, तिचं कामच शरीरातलं पाणी बाहेर काढणं हे होतं. गोळी प्रामाणिक होती.

"शेठ, शांत बसा," वकील म्हणाले.

"बसलो म्हणूनच जास्त होतंय."

तो उठला. येरझाऱ्या घालू लागला. कोपऱ्यातल्या पिण्याच्या पाण्याच्या पिंपाचा नळ गळत होता, त्याच्याकडे त्याने असं पाहिलं की टंकलेखिकेने नजर वळवली. मॅडम कागद वाचत होत्या, मधूनच मान वर करत होत्या. शेवटी त्याने खिशात हात घातला, जुडग्यातली एक किल्ली सोडवली, दारापाशी वाकला आणि ती दाराखालून सरकवली.

"ही बघा लागते का," तो कण्हत म्हणाला. "माझ्या घरच्या कपाटाची आहे. सहज, आपलं... नशीब असेल तर."

शिपायाने किल्ली घातली. कुलूप लोण्यासारखं उघडलं.

व्यापारी दारातून जो सुटला, तो थेट व्हरांड्याच्या टोकाला दिसेनासा झाला. वकील मात्र दारातच दोन्ही हात पसरून उभे राहिले. "पाहिलंत? कपाटाच्या किल्लीने उघडलं! कुठल्याही किल्लीने उघडतं! आणखी काय पुरावा हवा?"

कुलूपवाला भिंतीला टेकून खाली बसला. आत्ता कुठे त्याला कुलपावर विश्वास बसला होता, तो जेमतेम एक दुपार टिकला.

मॅडम बाहेर आल्या. व्यापाऱ्याची वाट बघत व्हरांड्यात उभ्या राहिल्या. थोड्या वेळाने व्यापारी परतला. त्याच्या चेहऱ्यावर अपार शांती होती.

"शेठ, किल्ल्यांचा जुडगा दाखवा," मॅडम म्हणाल्या.

त्याने दाखवला. हातात मावत नव्हता. दुकानं, गोदामं, कपाटं, तिजोऱ्या, सगळं त्यात होतं.

"बाहेरच्यांनी अख्खे जुडगे लावून पाहिले," मॅडम म्हणाल्या, "कारण कुठली लागेल ते त्यांना माहीत नव्हतं. तुम्ही खिशात हात घातलात, न बघता यातली एकच किल्ली सोडवलीत आणि सरकवलीत. दुसरी हातात तयारही ठेवली नाहीत. का बरं?"

व्यापाऱ्याच्या चेहऱ्यावरची शांती हळूहळू ओसरली. वकील अशिलापासून एक पाऊल बाजूला सरकले, मग आणखी एक.

"तिसरी," अक्का म्हणाली. "मी बांधली होती पुडी."

कुलूपवाला उठून उभा राहिला. पण मॅडमनी हात वर केला. "हा खटला आता मी चालवू शकत नाही."

"अहो मॅडम!" अक्का किंचाळली. "आत्ताच तर जिंकत होतो!"

"मी डोळ्यांनी पाहिलंय. जो पाहतो तो साक्षीदार. साक्षीदाराने निकाल द्यायचा नसतो." त्यांनी कुलूप, किल्ली आणि वाकलेली पिन तिथेच लाखेने मोहोरबंद करायला लावली.

खटला शेजारच्या खोलीत गेला. तिथे एके दिवशी शिपायाने मॅडमच्या नावाचा पुकारा केला आणि मॅडम इतर कोणाही साक्षीदारासारख्या पिंजऱ्यात उभ्या राहिल्या. बाकावरची सगळी माणसं नकळत उठली. त्यांना बसायला सांगावं लागलं. उलटतपासणीची पाळी आली तेव्हा व्यापाऱ्याच्या वकिलांनी बराच विचार करून एकच प्रश्न विचारला. "मॅडम, त्या दिवशी आपल्याला आत फार त्रास नाही ना झाला?" तक्रार फेटाळली गेली. कापड व्यापाऱ्याच्याच मेहुण्याच्या घरात गठ्ठे बांधून मिळालं.

निकालानंतर मॅडम एकदा दुकानात आल्या, घरासाठी कुलूप घ्यायला. अक्का पैसे घेईना.

"घ्या," मॅडम म्हणाल्या. "नाहीतर पुढच्या वेळी आरोपीच्या पिंजऱ्यात मी असेन आणि साक्षीदार तुम्ही."

अक्काने पैसे घेतले, सुट्टे दिले, पुडी बांधली. मग जरा चाचरत विचारलं, "मॅडम, ती माझी पिन..."

"पुरावा आहे. अपिलाची मुदत संपेपर्यंत मिळणार नाही."

"माझी असली तरी?"

"तुमची असली तरी."

मॅडम दिसेनाशा होईपर्यंत अक्का त्यांच्याकडे बघत उभी राहिली.

आता दुकानात गर्दी असते. एखादं नवं गिऱ्हाईक विचारतंच, कुलूप मजबूत आहे ना? अक्का उत्तर देत नाही. पाठ वळवून अंबाडा दाखवते. त्यात अजून पेन्सिल आहे.

"पिन कोर्टात जमा आहे," कुलूपवाला आतून सांगतो. "वाकलेली."