तेरा मेगावॅट आणि सातवा मजला

वीज कमी पडली की घसरणारी, भिंतीवरच्या वारंवारता-मीटरची सुई पन्नास हर्ट्झवरून एकोणपन्नास दशांश नऊवर आली, तेव्हा भारनियंत्रकबाईंनी चहाचा कप बशीत ठेवला.

कोळशाचा जुना वीजनिर्मिती संच आज संध्याकाळी सहाला कायमचा निवृत्त होणार होता. त्याच्या जागी सूर्य घ्यायचा की अणू, यावर समिती अकरा वर्षे बसली होती. बसण्यात कसूर नव्हती. नियमच असा होता, की दरपत्रक तीस दिवस ग्राह्य आणि तुलनेला लागत चाळीस. तोवर सूर्याचे दर उतरत, अणूचे चढत. मग दोन्ही शिळे ठरवून ताजे मागवले जात.

"तिसाचे पंचेचाळीस करा," बाईंनी एकदा सुचवले. त्यावर उपसमिती नेमली गेली. तिला चाळीस दिवस लागले आणि सूचना तिसाव्या दिवशीच बाद झाली.

"सूर्य संध्याकाळी निघून जातो, ही रजा धरायची की गैरहजेरी?" लेखापालांनी आज विचारले. "आणि अणुभट्टी कोणी न सांगता रात्रभर राबते, हा ओव्हरटाइम की आगाऊपणा?"

सहा वाजले. तेरा मेगावॅट कमी पडले. एका वसाहतीची वीज तोडली नाही, तर सगळेच अंधारात जाणार होते.

"आपल्या जनमताच्या प्रश्नावलीत सूर्याला मत देणाऱ्या वसाहती वगळा," अध्यक्ष म्हणाले. "अणूला देणाऱ्याही. जागरूक नागरिक आहेत ते."

एकच वसाहत उरली. तिथल्या प्रत्येक प्रश्नावलीवर शेरा होता: 'मत नाही, पण वाचताना मजा आली.' बाईंची आई तिथेच राहत होती आणि तिच्या नावाची प्रश्नावली बाईंच्याच अक्षरात होती. अकरा वर्षे आकडे जुळवूनही त्यांनी सूर्य किंवा अणू, कशावरच खूण केली नव्हती.

त्यांनी फोन लावला. "आई, कुठे आहेस?"

"लिफ्टमध्ये. भाजी आणायला गेले होते. का गं?"

"कितवा मजला?"

"चौथा."

सुई एकोणपन्नास दशांश सहावर.

"तोडण्याचा निर्णय समितीच घेईल," अध्यक्ष म्हणाले. "चाळीस दिवसांत."

"पाचवा. तू का धापा टाकतेस? लिफ्टमध्ये मी आहे!"

दशांश पाच.

"सहावा... थांब, पिशवी अडकली दारात..."

"पिशवी सोड, आई!"

"कोथिंबीर आहे त्यात! हं, सातवा. उतरले बाई एकदाची."

बाईंनी फोन खाली ठेवला आणि अकरा वर्षांत पहिल्यांदाच त्या खोलीत कोणीतरी स्पष्ट बोलले:

"मजा आलेल्यांची वीज तोडा."