सहाव्या खुर्चीवरची पँट

हसनाबादच्या धर्मराजनं जन्मात एकदाच, अख्खा दिवस काहीही करायचं नाही असं ठरवलं, आणि त्या एका दिवशी त्याची जेवढी दमछाक झाली तेवढी ऐन पेरणीच्या गर्दीत दुकानावरही कधी झाली नव्हती.

२००४ सालची गोष्ट. धर्मराजच्या कृषी सेवा केंद्रानं कपाशीच्या बियाण्याची इतकी पाकिटं खपवली, की कंपनीनं खूश होऊन त्याला सहकुटुंब थायलंडला नेलं. वडील कारभारी आण्णा, आई गोजरबाई, बायको कौसल्या, दोन पोरं आणि तो स्वतः, अशी सहा माणसं. पाच दिवस गाइडनं शिट्टी वाजवून सगळ्यांना पळवलं. सहावा दिवस मात्र मोकळा, विमान संध्याकाळी. हॉटेलच्या पोहण्याच्या तलावाकाठी निळ्या गाद्यांच्या लांबलचक खुर्च्या होत्या, आणि धर्मराजचा जीव पहिल्या दिवसापासून त्यांच्यावर जडला होता.

"उद्या आपुन तिथं नुसतं पडायचं!" त्यानं जाहीर केलं. "दिवसभर. बिलकुल हलायचं न्हाई!"

पोरांनी पलंगावर उड्या मारल्या. आण्णांनी मात्र मुद्द्याचं विचारलं, "पण जागा भेटन का?"

धर्मराज नुसता हसला. जालन्याच्या स्टँडवर एसटी थांबायच्या आत खिडकीतून टोपी टाकून जागा धरण्यात त्याचा हात धरणारा तालुक्यात कोणी नव्हता. टाकलेल्या टोपीला दुसरा माणूस हात लावत नाही, हा जगाचा कायदा होता. (जग म्हणजे जालना ते भोकरदन.)

उजाडताच गडी तलावावर हजर. एका खुर्चीवर आण्णांची जादा टोपी, दुसरीवर आईची पिशवी, तिसरीवर कौसल्याची शाल, पुढच्या दोन्हींवर पोरांच्या बनियनी. सहावी, अगदी पाण्याच्या शिडीजवळची, खास स्वतःसाठी. पण उघड्या अंगानंच आल्यामुळं तिच्यावर टाकायला काही उरलं नव्हतं. त्यानं इकडंतिकडं बघितलं, पँट काढली आणि अंथरली. नाहीतरी घरचे येईपर्यंत डुबकी मारायचीच होती, आणि आत पट्ट्यापट्ट्यांची नाडीची चड्डी होती. छातीभर पाण्यात उभं राहून आपल्या सहा खुर्च्या बघताना त्याला इतका आनंद झाला, की त्यानं डोळे मिटून पाच बुड्या मारल्या.

डोळे उघडले तर सगळ्या खुर्च्या साफ! हॉटेलची एक म्हातारी बाई सगळं गोळा करून, ढकलगाडीत टाकून, धुण्याला घेऊन चालली होती.

"ओ मावशी! वो जागा धरेली है!"

मावशीनं हसून हात जोडले आणि गाडी पुढं ढकलली. धर्मराज शिडीकडं झेपावला, आणि नाडी तुटली. आता एका हातात चड्डी आणि दुसऱ्या हातात शिडीचा गज.

तेवढ्यात सहलीतलेच अप्पाराव आले. भोकरदनला स्टँडसमोर त्यांचं बियाण्याचंच दुकान. तिथं बोललेली गोष्ट चहा निवायच्या आत तालुकाभर होते. ते नेमके सहाव्या खुर्चीवर आडवे झाले, आणि कॅमेरा पोटावर ठेवला.

"वा धर्मराजशेठ! पोहून राह्यले का?"

"मजा करून राह्यलो," धर्मराज म्हणाला आणि गळ्यापर्यंत खाली बसला.

तासाभरानं घरचे उतरले. कौसल्या काठावर वाकली तसा तो कुजबुजला, "माझी पँट आन."

"कुठून?"

"खोलीतून. दुसरी हाय ना बॅगेत."

"मंग चावी द्या. दार वढलं की बंद झालं."

"चावी पँटीत हाय."

"कोन्त्या?"

"धुयाला गेली, त्या."

"तुम्ही पँट धुयाला टाकून पोहायला आल्ते?" कौसल्या इतक्या जोरात म्हणाली, की अप्पाराव उठून बसले.

ती काउंटरवर गेली. पाण्यातला नवरा आणि त्याची पँट तिनं खुणांनी सांगितली. काउंटरवाल्यानं तिला हवा भरलेलं प्लास्टिकचं बदक दिलं.

सकाळ मोठी मजेत गेली, म्हणजे बाकीच्यांची. खुर्च्या दुपारपर्यंत निम्म्या रिकाम्याच होत्या. गोजरबाई दिवसाउजेडी आडवी झालेली धर्मराजनं कधी बघितली नव्हती. "लई मऊ हाय रे धर्मा," ती पडल्या पडल्या म्हणाली, आणि त्याला गळ्यापर्यंतच्या पाण्यातसुद्धा भरून आलं. जेवायच्या वेळी तिनं काठावर बसून त्याला धपाट्याचे घास भरवले. कारण हात रिकामा नव्हता.

शेवटी आण्णांनीच निरखून बघितलं. "धर्मा, तुझा दुसरा हात सकाळपून कुठं हाय?"

धर्मराज हनुवटीपर्यंत पाण्यात गेला. आण्णा सगळं समजले. त्यांनी डोक्याचा लाल पटका सोडला आणि पाण्यात फेकला. पटका कमरेला गुंडाळून धर्मराज बाहेर आला, आणि अप्पारावांनी फोटो काढला.

पँट आली, कडक इस्त्रीची, चावीसकट. धर्मराज ती घालून सहाव्या खुर्चीवर टेकला, त्यानं पाय लांब केले, आणि गाइडची शिट्टी वाजली. विमानतळाची बस आली होती.

विमानात आण्णा अप्पारावांशेजारी जाऊन बसले. काय बोलले कोण जाणे, पण अप्पारावांनी कॅमेऱ्यातला रोल काढून दिला आणि तोंड न उघडायची रेणुकाईची शपथ घेतली. धर्मराजची अब्रू वाचली. मुंबईपासून जालन्यापर्यंत तो शीळ वाजवत आला.

जालन्याच्या स्टँडवर हसनाबादची एसटी लागली. सगळी ओळखीची माणसं, अर्धं गाव. धर्मराज उत्साहानं खिडकीकडं धावला. धावताना सैल झालेली पँट वर ओढायला त्याचा हात कमरेला गेला, आणि मागून कौसल्या जिवाच्या आकांतानं ओरडली,

"अवं, टोपी टाका, रुमाल टाका, पण ह्या बारीला पँट राहू द्या!"