‘इतर’ रकान्यातलं यंत्र

१९८८ साली मध्य प्रदेशातल्या सौंसरच्या उत्तमनं संत्री निवडायचं यंत्र बनवलं. यंत्राला वीजजोडणी हवी तर आधी प्रमाणपत्र हवं, असा नियम होता, म्हणून तो बस धरून पांढुर्ण्याच्या यंत्र-प्रमाणन उपकार्यालयात गेला. इथपर्यंत सारं रीतसर होतं.

यंत्र साधं होतं. एक मोटर, एक पट्टा आणि उतरते दोन रूळ. रुळांमधली फट पुढे पुढे रुंदावत जायची, त्यामुळे लहान संत्रं आधी पडायचं, मोठं शेवटी. आयटीआय शिकलेल्या उत्तमनं ते वर्षभर खपून जमवलं होतं, आणि तुळशीराम बागवानानं त्याच्या भरवशावर आंबिया बहाराची अख्खी संत्री न तोडता झाडावर थांबवून ठेवली होती.

उपकार्यालयाचं नुकतंच आधुनिकीकरण झालं होतं. म्हणजे कागदावर अर्ज घेणं बंद झालं होतं. माहिती फ्लॉपीत भरून द्यायची. ती कशी भरायची याची मार्गदर्शक पुस्तिका उत्तमला मिळाली. तिच्यात यंत्राविषयी अर्धं पान होतं. बाकी सगळी पुस्तिका कॉम्प्युटरविषयी.

कार्यालयाबाहेर अख्ख्या पांढुर्ण्यात कॉम्प्युटर एकच, मीनाताईंच्या टायपिंग क्लासमध्ये. नागपूरहून जुना आणलेला. पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे उत्तमनं ‘कॉपी’ असं टाइप केलं. पडद्यावर उत्तर उमटलं : ‘कॉपी?’

“हे तर मलेच विचारून राहिलं,” उत्तम म्हणाला.

“याची सिस्टिम वेगळी आहे,” मीनाताई म्हणाल्या. “पुस्तिका लिहिणाऱ्यानं सगळ्यांकडे डॉसच आहे असं धरून लिहून टाकलं. आपली सीपीएम. आपल्याकडे त्याच कामाले ‘पिप’ म्हणतात. माहिती मी भरून देते, पण ते घेतात का पाहा.”

उपकार्यालयाचे प्रमुख यशवंतराव यांनी फ्लॉपी हातात घेतली आणि टेबलाच्या कडेला, बाकीच्या फ्लॉप्यांपासून जरा दूर ठेवली.

“कोणती सिस्टिम?”

“सीपीएम, साहेब.”

यशवंतरावांनी आवाज खाली आणला. “हे पाहा, सरकारी कामात पार्टीबाजी नको.”

“पार्टी नाही साहेब. कॉम्प्युटरची सिस्टिम आहे.”

“पुस्तिकेत आहे का?”

“नाही.”

“मग ती नाही.”

“पण कॉम्प्युटर चांगला चालून राहिला ना, साहेब.”

“चालत असेल. आमचा आक्षेप चालण्याला नाही.” मग उत्तमचा चेहरा पाहून ते नरमले. “तुमच्यासारख्यांची आम्ही सोय केलेली आहे. परिशिष्ट ‘ग’ वाचा.”

उत्तमनं तिथंच वाचलं. ‘इतर प्रणाली असणाऱ्यांनी निराश होऊ नये. त्यांनी डॉस वापरावी.’

“साहेब, माह्या यंत्रात कॉम्प्युटरच नाही. लोखंड आहे. लोखंडाले कशाची आली सिस्टिम?”

हा मुद्दा यशवंतरावांनी गांभीर्यानं घेतला. ‘यंत्राची प्रणाली’ या रकान्यात दोनच पर्याय होते, डॉस आणि इतर. ‘काहीच नाही’ असा पर्याय नव्हता, आणि काहीच नसलेली गोष्ट प्रमाणित कशी करणार, हाही प्रश्न होता. तेव्हा यंत्र ‘इतर’मध्ये गेलं. इतर यंत्रांचे अर्ज भोपाळच्या विशेष समितीकडे जात. समितीचे सदस्य इतर प्रणालींचेच जाणकार असावेत, अशी न्याय्य अट होती. आणि शासकीय भरतीला डॉस आवश्यक असल्यानं असा एकही माणूस सेवेत नव्हता. त्यामुळे समिती होती, सदस्य नव्हते. तिनं कुणावर अन्याय केल्याची एकही नोंद नव्हती.

इकडे तुळशीराम रोज येऊन उत्तमच्या शेडपाशी बसू लागला.

“गळून राहिली ना बाप्पा संत्री,” तो म्हणाला. “झाडाले बी डॉस पायजे का?”

शेवटी उत्तमनं नागपूरहून डॉसवाला कॉम्प्युटर भाड्यानं आणला आणि यंत्राशेजारी स्टुलावर ठेवला. दोन्हींमध्ये तार नव्हती, ओळखही नव्हती. यशवंतराव तपासणीला सौंसरला आले. कॉम्प्युटरच्या मानानं बूट बाहेर काढले. तपासणीपुरती वीज शेजारच्या पिठाच्या गिरणीतून ओढली होती. त्यांनी स्वतः ‘कॉपी’ टाइप केलं, आणि एक फाइल कॉपी झाल्याचं पडद्यानं कळवताच समाधानानं मान हलवली. उत्तम यंत्राच्या मोटरकडे वळला.

“आता यंत्र लावून दाखवतो, साहेब.”

“त्याची गरज नाही.”

तात्पुरती परवानगी मिळाली. अट एकच, यंत्र चालू असताना कॉम्प्युटर शेजारी असावा. उरलेली संत्री रुळांवरून उतरली आणि कॉम्प्युटर प्लॅस्टिकच्या खोळीत बसून राहिला. नागपूरचे व्यापारी ‘कॉम्प्युटरनं निवडलेला’ माल मागू लागले. ‘हातची’ संत्री आता कुणी विचारीना.

हंगाम सरल्यावर उत्तम पक्कं प्रमाणपत्र घ्यायला गेला. यशवंतरावांनी आनंदानं खुर्ची दिली, चहा मागवला, पेन उघडलं.

“यंत्राचं सगळं नियमात बसलं. आता तुमचं लिहू. नाव?”

“उत्तम सुखदेव.”

“पुढे?”

उत्तमनं आडनाव सांगितलं. यशवंतरावांचं पेन क्षणभर थांबलं, मग चालू लागलं. त्यांनी दारातल्या शिपायाला खुणावलं. चहा आला, तो निराळ्या कपात.

ते आडनाव इथं दिलेलं नाही. त्यावाचून गोष्टीचं काही अडतही नाही. तरी ज्यांना ते जाणून घ्यावंसं वाटलं, त्यांच्या आत कोणती सिस्टिम चालते, हे त्यांना वेगळं विचारायला नको.